बगलफुटी

अर्धांगवायूने मालनबाईंची वाचा गेली, त्याला तीन महिने झाले. गच्चीवरच्या त्यांच्या टोमॅटोंचं नुसतं रान माजलं होतं. डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा लेक उज्ज्वलाने एक कुंडी उचलून थेट आईच्या खाटेपाशी आणली.

"आई, बगलफुटी काढू ना? काहीतरी बोल गं!"

मालनबाई छताकडे बघत राहिल्या. पानांच्या बेचक्यात फुटलेले ते जादा कोंब उज्ज्वला खुडत गेली. डोळे इतके भरून आले की दिसेना, आणि तिची नखं मुख्य शेंड्यालाच लागली.

"शें... शेंडा नको!"

आईच्या डाव्या हाताने तिचं मनगट धरलं होतं. काय खुडायचं ते उज्ज्वलाला ठाऊक होतं, पण तिला आणखी एक शब्द हवा होता.

"मग कुठलं खुडू, आई?"