कानाला हेडफोन होते ना!

"आवाज आणखी खुलतो यात," असं म्हणत वर्जिलने मिलवॉकी शहरातल्या एका दुकानात नवा हेडफोन उचलला आणि त्याच्या बायकोचं, मार्लीनचं, डोकंच फिरलं.

"कशाला हवाय नवा? आहे त्यानेच तुला घराचा विसर पडतो! जेवायला हाका मारून मारून थकते, ओ म्हणून देत नाहीस. जानेवारीत कपड्यांची टोपली घेऊन तळघराच्या जिन्यावरून पडले, हात मोडला, घसा फुटेस्तोवर ओरडले. शेवटी शेजारची डोलोरेस धावत आली. आणि तू वरच खुर्चीत बसलेला! वर तोंड करून काय म्हणालास? 'कानाला हेडफोन होते ना!'"

"होतेच ना," वर्जिल पुटपुटला.

ताडून बघायला त्याने घरचा हेडफोन सोबत आणला होता. "बघू तरी, काय एवढं आहे यात," म्हणत मार्लीनने तो हिसकावला आणि स्वतःच्या कानांवर चढवला. दुकानदाराने गाणं लावून दिलं. मग तिच्या पाठीमागे तो वर्जिलला समजावू लागला, "घरातल्या आवाजाचा त्रास होत असेल तर बंद कपांचा घ्या, साहेब. तुमचा हा जाळीचा आहे. गाणं चालू असलं तरी बाहेरचं सगळं ऐकू येतं यातून."

मार्लीनला त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला.

हेडफोन न काढताच ती वळली. "वर्जिल, जिन्यात पडल्यावर मी काय ओरडत होते रे?"

वर्जिल हातातल्या नव्या हेडफोनची किंमत वाचू लागला. या वेळी त्याच्या कानांवर काहीच नव्हतं.