चुलीखालचं पेव

दाराआड उभं राहून ऐकणं बरं नव्हे, पण हे केसरबाईला सांगणार कोण? शाळेची खिचडी तीच शिजवते. गॅस बारीक करून ती पळीसकट आठवीच्या वर्गापाशी आली होती, सुदान देशाची पोरगी बघायला. सगळ्या सिरसाळ्यात सकाळपासून तिचंच चाललं होतं.

पोरगी उंचनिंच, डोक्यावर ओढणी. इसरा तिचं नाव. प्रियदर्शनी मॅडमची विद्यापीठातली मैत्रीण. मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं, 'यादवी युद्ध: घरी राहिलेली माणसं.' आणि पोरांना म्हणाल्या होत्या, "पुस्तकात लढणाऱ्यांचंच असतं. आज मागं राहिलेल्यांचं ऐका." इसराच्या देशात भाऊच भावाच्या जिवावर उठला होता. तिचे वडील आणि भाऊ जीव वाचवायला परमुलखात गेलेले. गावात घर धरून आई एकटीच बसली होती.

पोरांनी बंदुका विचारल्या, रणगाडे विचारले. इसरा मोडक्या मराठीत सांगत होती, अडलं की हिंदीत. शेवटी केसरबाईला राहवलं नाही.

"ते जाऊ दे गं माय. तुझी आई खाती काय?"

"ज्वारी," इसरा म्हणाली.

"ज्वारी? आपली ज्वारी?"

इसरानं खडू घेतला आणि फळ्यावर एक खड्डा काढला. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, कडेनं भुसा. "अंगणात असा खड्डा. आत ज्वारी. वर माती."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी म्हणालं विहीर आहे. केसरबाई मात्र सरळ वर्गात शिरली.

"अगं बया! हे तर पेव हाय! आमच्या घरामागं व्हतं की असलंच. सात-सात वर्सं दाणा ऱ्हायाचा त्याच्यात."

समुद्राच्या पार पलीकडचा मुलूख, ना बोली कळत ना देव एक, आणि तिथंही माणसांनी ज्वारीच पुरावी, तीही अश्शीच! कुणी शिकवलं असेल कुणाला? ती फळ्याकडे बघतच राहिली.

"अन् बंदूकवाल्यांला घावलं न्हाई ते?"

"आईनं वरती चूल मांडली," इसरा म्हणाली. "त्यांनी घर सगळं उलटंपालटं केलं. एका मडक्यात थोडी ज्वारी, बाकी काही नाही मिळालं. मग म्हणाले, चहा कर. आईनं त्याच चुलीवर केला. पिऊन गेले."

केसरबाईनं तोंडाला पदर लावला. काय म्हणावं या बाईला! पायाखाली वर्षाचा दाणा, समोर बंदुका, आणि ही आपली चहाला उकळी आणतेय. इथं खिचडी तपासायला साहेब आला तरी केसरबाई मीठ घालायचं विसरते. त्या न पाहिलेल्या बाईपुढं डोकं टेकवावं असं तिला वाटलं.

"आता मडक्यातली ज्वारी संपत आली," इसरा खालच्या आवाजात म्हणाली. "चार दिवसांपूर्वी आईचा निरोप आला फोनवर. बोलली, आठवड्याची उरली आहे. मग चूल बाजूला करून खड्डा उघडते. त्यानंतर नेटवर्कच नाही."

"एकटीच उघडणार?"

"एकटीच. आधी बाबा उघडायचे."

पेव उघडणं बाप्यांचं काम. बायांना कोण कशाला शिकवतंय? बोलावं का नाही, पोरीचा जीव आधीच टांगणीला. पण केसरबाई बोलली.

"अन् दिवा? उतरायच्या आधी दिवा सोडती का ती?"

इसराला कळेना, मॅडमनाही कळेना. केसरबाईनं पळी दोरीनं सोडावी तशी हळूहळू खाली नेऊन दाखवली. "बंद पेवातली हवा जहर असती पोरी. वास न्हाई, रंग न्हाई. उघडलं की लगीच उतरायचं न्हाई. दिसभर तोंड उघडं ठिवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. इझला तर आत पाय बी घालायचा न्हाई. आमचा थोरला दीर…" हे पोरीपुढं सांगायचं नव्हतं.

पण इसराला कळायचं ते कळलं. तिनं झटकन फोन काढला आणि आईसाठी आपल्या बोलीत भराभरा निरोप बोलायला लागली. एकदा, मग पुन्हा. केसरबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही. पोरीचा हात मात्र दोरी सोडल्यासारखा खाली खाली जात होता, तो तिनं बघितला. बरोबर सांगतेय, म्हणाली मनात.

निरोपापुढं एकच टिक आली.

"नेटवर्क आलं की पोचेल," मॅडम म्हणाल्या. "अजून तीन दिवस आहेत हातात."

"आण हिकडं," केसरबाईनं हात पुढं केला. "मला बी बोलू दे."

"आईला मराठी नाही येत, मावशी."

"न येऊ दे." फोन तिनं तोंडाजवळ धरला आणि लांबच्या माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं बोलली, "बाई, मी केसरबाई, सिरसाळ्याची, तालुका परळी. लई मोठ्या काळजाची हायस तू. आता घाई करू नगस, जिवाला जप. अन् पोरीचा घोर करू नगस. ती हितं माझ्यापाशी हाय. आत्ताच पोटभर जेवली."

इसरानं चमकून तिच्याकडे बघितलं. "मी कुठं जेवले?"

केसरबाईनं फोन तिच्या हातात ठेवला आणि दंड धरून तिला दाराकडे नेलं.

"चल, बस पंगतीला. असल्या बाईसंगं खोटं बोलू व्हय मी?"