एक पीस आराकारीचं

विसुमने कानांवर उतरणारा मुकुट काढला आणि चुंपीच्या मांडीवर ठेवला. "बघा मामा. या पिसांसाठी सगळे टूकान पक्षी मी स्वतः मारलेत, फुंकनळीने. तुमची पोर माझ्याकडे उपाशी राहायची नाही."

लाल-पिवळ्या पिसांवरून फिरणारा चुंपीचा अंगठा एका जागी अडखळला. पीस पिवळंच, पण टोकाला लालसर. हे टूकानचं नव्हे, त्याच्या धाकट्या भावंडाचं, आराकारीचं. मुकुटाला एक पीस कमी पडलं तेव्हा त्याच्या लेकीने, लहानग्या सुआनुआने, हट्टाने ते शिवलं होतं. तिचा वेडावाकडा टाका अजून तसाच होता.

मुकुट चुंपीचा होता.

बायको गेली तेव्हा त्याने तो तिच्याबरोबर पुरला होता. निदान लेकीला तसं सांगितलं होतं. खरं तर त्याच आठवड्यात शहरातल्या दुकानात तो देऊन त्याने बोटीचं इंजिन आणलं होतं. आणि हा भामटा तिथूनच तो विकत घेऊन शिकारीच्या बाता मारत होता! चुंपीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंड उघडावं तर पहिला प्रश्न त्यालाच आला असता.

"का रे चुंपी, दातखीळ बसली का?" शेजारचा तांत हसला. "पिसांची पारख तुझ्याइतकी कुणाला? का जावयाने कोंबडीची पिसं रंगवून आणलीत?"

ओसरीवर जमलेले सगळे खिदळले. सुआनुआ कसाव्याचा कंद आंबवून केलेल्या चिचाचं, घरच्या दारूचं, मडकं घेऊन बापाच्या खांद्याशी उभी होती. ती वाकली. तिचं बोट नेमकं त्या टाक्यावर येऊन थांबलं.

"बाबा, हे कुठल्या पाखराचं?"

चुंपीने वर पाहिलं नाही. "टूकानचंच. सगळी टूकानचीच आहेत."

"झालं तर! पोरगी दिली!" तांत ओरडला. विसुमची छाती फुगली.

सुआनुआने मडकं खाली ठेवलं. मुकुट उचलून तिने बापाच्या डोक्यावर ठेवला. तो चपखल बसला. विसुमच्या कानांवर उतरला होता तसा उतरला नाही.

"शोभतो हो सासऱ्याला," कुणीतरी म्हणालं.

मग ती चिचा वाढायला लागली. आई गेल्यापासून पहिला वाडगा रोज बापाचा असे. तिने विसुमला वाढलं, तांतला वाढलं, ओसरीवरच्या सगळ्यांना वाढलं. मुकुट घातलेला चुंपी रिकामा वाडगा पुढे धरून बसला होता.