शनिवारची जोडी

अरुण गुडघे टेकून मातीत बसला आणि सुहासिनीच्या हातातलं थर्मासचं झाकण हातातच राहिलं.

गेल्या महिन्यात घरी सत्यनारायण झाला. तेव्हा या गृहस्थांना पाटावर बसता आलं नव्हतं. गुडघे! गुरुजींनी खुर्ची चालवून घेतली आणि घरभर माणसांसमोर यजमान खुर्चीत नि यजमानीण खाली पाटावर, अशी पूजा पार पडली. आणि आज नोव्हाय गावाच्या बाहेर, कुणा म्हाताऱ्या शेतकऱ्याची परवानगी काढून, त्याच्या पडीक रानात तेच गुडघे ओल्या मातीत रोवून हा माणूस मजेत खड्डा खणत होता. शेजारी मंजुषा.

"डावीकडे घे," मंजुषा म्हणाली. "अजून जरा. हां, तिथेच."

तिच्या कानांवर हेडफोन होता आणि हातात डिटेक्टर. लांब दांडा, टोकाला तबकडी. जमिनीत कुठे धातू असला की ते यंत्र कानात वाजतं. यंत्र तिच्या नवऱ्याचं, कुमारचं. तो गेल्यावर मंजुषा घराबाहेर पडेना, तेव्हा सुहासिनीनेच अरुणला सांगितलं होतं, "अरे, शनिवारी तिला जरा बाहेर ने. कुमारसारखी नाणीबिणी शोधा." तेव्हापासून शनिवारी अरुणला उठवावं लागत नाही. उठतो, दाढी करतो आणि निघतो. रानात जायला दाढी कशाला लागते, हे सुहासिनीने अजून विचारलेलं नव्हतं.

आज ती आपणहून आली होती. "तू बोअर होशील," अरुण काल रात्री म्हणाला होता, आणि त्या वाक्याने तिची झोप उडाली होती. तिने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, चहा भरला, घडीची खुर्ची घेतली. आता ती त्या शेतकऱ्याच्या कोठाराच्या भिंतीपाशी बसली होती, मुलांची सॉकर प्रॅक्टिस संपायची वाट बघत बसलेल्या आयांसारखी. पुऱ्यांचा डबा कुणी उघडला नव्हता.

दोघं फार बोलतही नव्हते. तेच तिला जास्त लागलं. अरुणने न बघता हात पुढे केला आणि मंजुषाने त्यात खुरपं ठेवलं. चष्मा, किल्ल्या, टॉवेल, सगळं इतकी वर्षं त्या हातात सुहासिनीने असंच ठेवलं होतं.

"सिल्व्हर!" अरुण म्हणाला. मातीतून निघालेलं नाणं तो अंगठ्याने पुसू लागला.

"चोळू नकोस. स्क्रॅच पडतील."

अंगठा जागच्या जागी थांबला. ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस, असं सुहासिनी लग्न झाल्यापासून सांगत होती. टॉवेल आज सकाळीही पलंगावरच होता.

तिला मत्सर वाटला. आतून चटका बसल्यासारखा, शाळेतल्या मुलीला वाटावा तसा. या वयात आपल्याला असं काही वाटेल याची तिला लाज वाटली, पण लाजेने मत्सर काही कमी झाला नाही. ती उठली आणि त्यांच्याकडे चालू लागली.

"सुहास, बघ, डाइम आहे. शंभर वर्षांपूर्वीचा असेल," अरुण म्हणाला. म्हणाला तिला, बघत होता डाइमकडे.

"ये ना ग. पुढचा तू खण," मंजुषा म्हणाली. "इतकं छान वाटतं ना, डोकं एकदम रिकामं होतं." ती अगदी मनापासून बोलत होती. तिच्या बोलण्यात जरा तरी खोट असती तर सुहासिनीला बरं वाटलं असतं.

"कधीकधी एकाच खड्ड्यात दोन मिळतात," अरुण म्हणाला. "मंजू, परत एकदा फिरव."

मंजू. महाराष्ट्र मंडळात तीस वर्षं तिला सगळे मंजुषा म्हणत आले. कुमारसुद्धा चारचौघांत मंजुषाच म्हणायचा. ही मंजू कधी झाली? सुहासिनीला नाणं नको होतं, पुऱ्यांचं कौतुकही नको होतं. त्याने मान वर करून एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच हवं होतं.

ती खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला खाली बसली. चांगली पँट मातीत गेली. तिने दोन्ही हात खड्ड्याच्या काठावर ठेवले.

मंजुषाने तबकडी फिरवली आणि दचकली. "बाप रे, केवढा मोठा सिग्नल आहे." मग तिचं लक्ष गेलं. "अग, तुझ्या बांगड्या वाजतायत. हात जरा मागे घे."

"हो, ते राहिलंच सांगायचं," अरुण म्हणाला. "आम्ही सगळं काढून येतो. घड्याळसुद्धा. यंत्र कन्फ्यूज होतं ना. तू बांगड्या काढून ठेव, नाहीतर जरा लांब बस."

बोलताना तो तिच्याकडे बघत होता. सकाळपासून पहिल्यांदाच.

"वाजू देत," सुहासिनी म्हणाली आणि तिने तळवे मातीत आणखी रेटले.

"अग, पण खालचं काही ऐकू येणार नाही."

"माझ्या बांगड्या आहेत. वाजू देत."

सवयीने मंजुषाचा हात तबकडी फिरवतच राहिला. तिने हेडफोन उतरवून गळ्यात घेतला, तेव्हा त्यातला तो बारीक आवाज तिघांनाही ऐकू येऊ लागला. मग यंत्र बंद करून तिने ते गवतावर ठेवलं आणि जॅकेटच्या बाह्या दोन्ही रिकाम्या मनगटांवर ओढून घेतल्या.