मागची गाडी

"स्टिअरिंगला हात लावू नकोस," खिडकीशी वाकून ड्वेन बायकोला म्हणाला. "मी मोटरहोम हळूच पुढे घेतो. तू फक्त बघ, ही मागची नीट वळते का."

"आणि मी काय करू? विणकाम?"

"गप्प बस. कधी नव्हे ते."

ग्लेंडा लाल गाडीत एकटीच बसली. गाडी मोटरहोमच्या, म्हणजे त्या चाकांवरच्या घराच्या, मागे लोखंडी दांड्यानं जोडलेली. रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी जेवायला घरी गेली होती, त्यामुळे चर्चसमोरचं सगळं आवार ह्या दोघांचंच. कडेला नेब्रास्काचा मका वाळत उभा होता.

घर विकून झालं होतं. उद्या निघायचं, ॲरिझोनाच्या उन्हाकडे. ही गाडी मागून ओढत न्यायची की नाही, एवढंच ठरत नव्हतं. ड्वेन म्हणे, किराणा आणायला बरी, दूध संपलं म्हणून अख्खं घर हलवायला नको. ग्लेंडा म्हणे, हे लोढणं कशाला? जोडलेली असली की मागे घेता येत नाही, चुकीच्या रस्त्याला शिरलं की बसा उतरून सोडवत. खरं कारण वेगळंच होतं. वसंतात ड्वेनच्या हृदयानं एकदा दगा दिला होता. वाटेत पुन्हा तसं झालं तर ग्लेंडाला परत यायला तिच्या हातातली गाडी हवी, हा त्याचा हिशेब. ड्वेन हे बोलून दाखवत नव्हता आणि तिला ऐकायचं नव्हतं.

मोटरहोम हललं. मागोमाग लाल गाडीही निघाली, इंजिन बंद, आवाज नाही. ग्लेंडाच्या पुढ्यात स्टिअरिंग आपलं आपणच डावीकडे वळलं, मग सरळ झालं. मका सरकत गेला, चर्चचा पांढरा मनोरा सरकत गेला. उन्हानं तिचे डोळे जड झाले. काय सुख होतं बाई! असंच बसून राहावं, त्यानं ओढत न्यावं, कुठेही.

अर्धवट डुलकीत तिला वाटलं, समोरची ती मोटरहोमची रुंद पाठ नाहीच. आवार तेच, मका तोच, गाडी हीच, आणि पुढे कुणी नाही. तिनं हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

ड्वेन उतरून धावत आला. "काय झालं? चाक अडकलं?"

"धावू नकोस! डॉक्टर काय म्हणाला होता?" ती बाहेर आली. "सोडव ही. नातीला देऊन टाकू."

"अगं, झकास वळत होती की!"

"सोडव म्हणते ना."

"ग्लेंडा, ऐक. वाटेत मला काही झालं तर..." पहिल्यांदाच ते त्याच्या तोंडून निघालं.

ती थांबली नाही. मोटरहोममध्ये चढून थेट ड्रायव्हरच्या जागी बसली. पाय पोचेनात, म्हणून खुर्ची पुढे ओढली. ड्वेननं दांडा सोडवला आणि दारात येऊन उभा राहिला.

"मेले तरी ह्या धुडाला हात लावणार नाही, म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." तिनं डोळे पुसले. "आता शिकव. ब्रेक कुठला?"

"तो मोठा. आणि घाबरू नकोस."

"घाबरलेय तर घाबरलेय. तू बस."

तो शेजारी बसला. मोटरहोमनं एक आचका दिला, कपाटातले कप खणखणले आणि ते आवारातून हळूहळू फिरू लागलं. ड्वेननं एक फेरी पुरी होऊ दिली.

"पण खरंच काही झालं तर?"

"मागे पलंग आहे," समोरून नजर न हटवता ती म्हणाली. "तुला निजवेन आणि घरी घेऊन येईन."

"घर विकलंय आपण."

"मग घाई कसली? सावकाश चालवेन."