नवसाचं मटण

करिंथ शहरातल्या घरी थिओनीने लेकाला मटण वाढलं. त्याचा ताप उतरला म्हणून नवसाचा बोकड तिने सकाळीच देवळात दिला होता. प्रसाद वाढताना देवाचं नाव घ्यायचं, नाहीतर देव दुखणं परत धाडतो, असा तिथला समज.

पण लेक आता ख्रिस्ताचा झाला होता. दुसऱ्या देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर ते खायचं नाही, असा त्यांचा नेम.

“कुठलं मटण ते सांगू नकोस हं, आई,” तो हसला. “देवळातलं म्हणालीस तर मला उठावं लागेल. आणि भूक तर मरणाची लागलीय.”

थिओनीच्या ओठांवर आलेलं नाव तिथेच राहिलं. आजारानंतर पहिल्यांदाच तो पोटभर जेवत होता. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. गरम लागलं.

“चुलीची धग असेल,” म्हणत तिने त्याला दूर बसवलं, आणि जरा वेळाने पुन्हा हात लावला.