करमाडचा लाईनमन

"ऑफसाईड नव्हतीच ती," फारूखभाई तिसऱ्यांदा म्हणाले. "पोरगी मागं होती. मैं खुद गोलच्या मागं उभा होतो."

"गोलच्या मागून काय दिसतंय तुला?" पुंजारामतात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "लाईनीवरून दिसतं. अन् लाईनीवर कोण व्हतं?"

टपरीवरच्या सगळ्यांनी सोमनाथकडं पाहिलं. त्यानं कप तोंडाला लावला.

आमखास मैदानावरचा सामना संपून पंधरा मिनिटं झाली होती. चौदा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉलची सेमीफायनल, करमाड विरुद्ध औरंगपुरा. करमाड एक-शून्यनं हरलं. शेवटच्या दोन मिनिटांत संस्कृतीनं चेंडू जाळ्यात घातला होता, पण लाईनमनचा झेंडा वर होता, गोल रद्द झाला. या स्पर्धेला रेफ्री एकच असतो. लाईनीवर झेंडा धरायला दोन्ही संघ आपापला एकेक माणूस देतात. करमाडकडून सोमनाथ उभा होता. संस्कृती त्याचीच पोरगी.

"पास निघाला तेव्हा ती त्यांच्या शेवटच्या पोरीच्या पुढं पाहिजे, तर ऑफसाईड. बरोबर?" फारूखभाईंनी मोबाईल काढला. "बघा आता."

सगळी डोकी मोबाईलवर वाकली. नेमका पास निघतो तिथं कुणाचा तरी खांदा मध्ये येत होता. चार वेळा पाहिलं, चारही वेळा खांदा आला.

"ह्यो खांदा कुणाचाय?"

"तुमचाच हाय तात्या."

लोक हसले. सोमनाथही हसला.

तेवढ्यात औरंगपुऱ्याच्या एका मुलीची आई स्कूटी काढता काढता थांबली. "दादा, माफ करा हं. मॅचभर आम्ही तुमच्या मागं उभं राहून बोलत होतो. पोरीचा बापच लाईनवर, आता कसली मॅच, असं. तुम्ही ऐकलं असेल."

"नाय, नाय."

"स्वतःच्या मुलीचा गोल कोण नाकारतं हो? मी घरी जाऊन सांगणारे सगळ्यांना."

"करमाडची माणसं अशीच हायेत, ताई," तात्या म्हणाले आणि सोमनाथच्या पाठीवर जोरात थाप मारली. फारूखभाईंनी मोबाईल खिशात ठेवला. "ठीक आहे, भाई. तुमी बघितलं म्हणता तर मान्य."

सोमनाथनं बघितलं होतं. औरंगपुऱ्याची पोरगी पुढं होती, संस्कृती हातभर मागं. स्वच्छ दिसत होतं. पण पास निघाला आणि त्याच्या पाठीमागची चाळीस माणसं एकदम गप्प झाली. हात वर गेला तेव्हा तो चेंडूकडं बघत नव्हता, ती शांतता ऐकत होता.

"फारूखभाई," तो म्हणाला.

"बोला."

"पिकअपवाला थांबलाय. पोरींना बोलावतो."

पोरी भिंतीच्या कडेला बूट काढत बसल्या होत्या. फारूखभाईंची तबस्सुम संस्कृतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. पास तिनंच दिला होता.

"तू बोलत का नाय गं? मला माहितेय ना, तू मागं होती."

"नव्हते."

"अगं, मी पास दिला!"

"तू चेंडूकडं बघत होतीस. पप्पा लाईनवर होते." संस्कृती बुटाची नाडी सोडत होती. गाठ सुटत नव्हती. "पप्पा कशाला उगाच झेंडा दाखवतील?"

संस्कृतीनं बूट तसाच ओढून काढला आणि उठून उभी राहिली. "सॉरी सगळ्यांना. माझ्यामुळं गेली मॅच."

छोट्या गोलकीपरनं आपल्या हातातली अर्धी चिक्की तिच्या हातात ठेवली.

सोमनाथ चार पावलांवर होता. "संस्कृती, इकडं ये. ऐक जरा."

ती आली. डोळे लाल होते, पण तिला कसली तरी घाई होती. "पप्पा, पाचच मिनिटं. मला दाखवा ना."

"काय दाखवू?"

तिनं त्याचा हात धरून त्याला मैदानात ओढत नेलं. दोन माणसं गोलाचं जाळं सोडत होती. तिनं आपले बूट जमिनीवर ठेवले. "ही औरंगपुऱ्याची पोरगी. गोल तिकडं. तबस्सुम तिथून पास देतेय." मग ती मोज्यांवरच चालत गेली आणि बुटांच्या मागं हातभर अंतर सोडून उभी राहिली. "मला वाटलं, मी इथं होते. मग कुठं थांबायला पाहिजे होतं?"

ती तिथंच होती. अगदी तिथंच. सोमनाथला तिची पावलंसुद्धा तशीच पडलेली दिसली, डावं पुढं, उजवं मागं.

"बाळा..."

टपरीवरून तात्यांचा आवाज आला. ते कुणाला तरी नव्यानं सांगत होते, "सख्ख्या पोरीचा गोल, बोला! हाय का दुसरा कुणी असा?"

सोमनाथनं तोंड मिटलं.

संस्कृती त्याच्याकडं बघत होती. ती एक पाऊल मागं सरकली. थांबली. त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग आणखी एक पाऊल मागं गेली.

"अजून मागं येऊ का, पप्पा?"